दोन विहिणी एकमेकींच्या दिशेने निघतात

विठ्ठलवाडीला चार दिवस राहून आले, असं सांगितलं तर आमच्या ठाण्याच्या कोपरीत कुणी मान वर करूनही बघत नाही. शेजारची मंडळी परवाच थायलंडला जाऊन आली आणि हत्तीवर बसलेले फोटो अख्ख्या बिल्डिंगला दाखवून झाले. त्यापुढे विठ्ठलवाडी म्हणजे ठाण्याहून गाडीत बसायला जागा मिळेपर्यंत येऊन जाणारं स्टेशन. पण मी तिथे ज्या कामाला गेले होते त्या कामाला माझ्या वयाची दुसरी कुणी बाई गेली असेल असं मला वाटत नाही, म्हणून लिहायला बसले. मी तिथे बीजगणित शिकायला गेले होते, आणि तेसुद्धा विहिणीकडे.

माझं वय बावन्न. शाळा नववीत सुटली, ती सुटलीच. गेली कित्येक वर्षं मी इथल्या एका बालवाडीत मदतनीस आहे. नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, रडणाऱ्याला कडेवर घेऊन खिडकीतून कावळा दाखवायचा. मोठ्या बाई एकदा म्हणाल्या, "नंदाताई, दहावीचा दाखला आणा, बालशिक्षिकेचा कोर्स करा, मी तुम्हाला वर्ग देते." वर्ग देते! मी घरी येईपर्यंत हवेतच होते. बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला. मराठी, हिंदी, इतिहास सुटले, इंग्रजीसुद्धा कसंबसं काठाला लागलं. गणित राहिलं. पुन्हा बसले, पुन्हा राहिलं. आता तिसरी खेप होती. फॉर्म भरून झाला होता, पण मनाशी मी पक्कं केलं होतं की या वेळी शाब्दिक उदाहरणं जमली नाहीत तर पेपरला जायचंच नाही. तिसऱ्यांदा तोंडावर पडायची माझी तयारी नव्हती.

नुसती समीकरणं मला येतात बरं का. xवाले सगळे एका बाजूला, आकडे दुसऱ्या बाजूला. मेथी निवडावी तसं करत जायचं, होतं. पण त्यात माणसं शिरली की माझा घोटाळा होतो. 'मोहन अ गावाहून ताशी चार किमी वेगाने निघाला व त्याच वेळी सोहन ब गावाहून...' इथपर्यंत वाचलं की मला पडतो प्रश्न, मोहन पायी का निघाला? घरी कुणाशी वाजलं? सोहनला त्याने फोन करून सांगितलंय का? तोवर शेजारच्या बाकावरची मुलगी पुरवणी मागत असते.

माझी मुलगी प्राची विठ्ठलवाडीला दिली आहे. तिने ही रडकथा तिच्या सासूबाईंच्या कानावर घातली. सासूबाई म्हणजे माझ्या विहीणबाई, सुलभाताई. आयुष्यभर त्यांनी शाळेत गणितच शिकवलं, आता निवृत्त आहेत. बाई चांगल्या आहेत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे विहीण म्हटल्याबरोबर कुणी कान टवकारायला नकोत. तरीपण दोन वर्षं मी त्यांच्यापासून अंतर राखूनच होते. त्याला कारण लग्नातलं. आदल्या संध्याकाळी सीमान्तपूजन झालं, त्यात मुलीच्या आईने विहिणीचे पाय धुवायचे असतात. हल्ली बरेच जण हे करत नाहीत. पण त्यांच्याकडच्या एका थोरल्या जाऊबाईंनी पाट मांडला, तांब्या माझ्या हातात दिला आणि समोर ठाण मांडून बसल्या. मी वाकले. सुलभाताईंनी पाय झटकन मागे घेतला, ताम्हनातलं पाणी माझ्या साडीवर सांडलं. जाऊबाई म्हणाल्या, "पुन्हा घाला." मी पुन्हा घातलं. सुलभाताई खाली बघत होत्या, एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाईट वाटलं होतं, ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

त्यांचा फोन संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आला. "विहीणबाई, चार दिवस राहायलाच या. वही घेऊन या."

आमचे हे जेवता जेवता थांबले. "मुलीकडे? राहायला? चार दिवस?"

आमच्या कोकणात मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये असं म्हणायचे. आमच्या आईने तर ते प्राची झाल्यावरही शेवटपर्यंत पाळलं. माझ्याकडे यायची ती बाटली घेऊन. मी विचार केला, आईला बीजगणित कुठे होतं? आणि बॅग भरली.

विठ्ठलवाडी

पहिला घोटाळा स्टेशनातच झाला. मी भलत्या बाजूला उतरले आणि उल्हासनगरच्या अंगाला लागले. जीन्सची दुकानं, पुन्हा जीन्सची दुकानं. पाटी वाचावी तर सिंधी नाव. एका गाडीवर पातळ डाळ, चिंचेची चटणी, वर कांदा आणि सोबत पापडासारखी कडकडीत जाड पुरी मिळत होती. त्याला दाल पकवान म्हणतात. मुलीकडे पोटभर खायची लाज वाटेल, इथेच खाऊन घेऊ, म्हणून एक प्लेट घेतली. आणि खरं सांगते, पुढच्या चार दिवसांत मला त्या पकवानाची दोनदा आठवण आली. मध्येच प्राचीचा फोन.

"अगं आई, कुठे आहेस तू? मी कधीची खाली येऊन उभी आहे!"

"मी जरा... उल्हासनगर बघत होते."

"उल्हासनगर काय बघायचंय? रिक्षा पकड आणि ये गुपचूप."

प्राचीला दोन आया आहेत. मी 'अगं आई' आणि सुलभाताई 'अहो आई'. घरात तिने नुसती हाक मारली की दोघींना कळतं कुणाला बोलावलंय.

सुलभाताईंचं घर साताऱ्याकडचं. मी खोबऱ्याच्या वड्या नेल्या होत्या. त्यांनी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट आमटी वाढली. आमच्याकडे नारळ नाही असं एक वाटण सापडायचं नाही, यांच्याकडे शेंगदाणा नाही असं एक पातेलं सापडायचं नाही. मी संकोचून अर्धी भाकरी घेतली. त्यांनी माझ्याकडे न बघता दुसरी अर्धी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाल्या, "उपाशी पोटी समीकरण सुटत नाही."

जेवणं आटोपल्यावर वही उघडली. बाईंनी चार रकाने आखले. कोण, वेग, वेळ, अंतर. "अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ. सगळी उदाहरणं एवढ्यातच असतात, घाबरायचं काही नाही." आणि मोहन-सोहनचं उदाहरण घातलं. मी बराच वेळ पेन्सिल चावली.

"काय अडलं?"

"म्हणजे बघा ताई, मोहनला माहीत होतं का, की सोहन समोरून येतोय?"

प्राची फिसकन हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला आणि खरोखरच विचार करू लागल्या. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं म्हणे.

"फरक पडतो का त्याने?" त्यांनी विचारलं.

"पडत नाही? भेटायचंच असेल तर माणूस पाय उचलून नाही चालणार?"

"उदाहरणातली माणसं तसं करत नाहीत, नंदाताई. ती एकाच वेगाने चालतात."

"मग ती माणसंच नव्हेत."

बाईंनी पाटी पुसावी तसा तो कागद बाजूला सारला. "मोहन-सोहन राहू द्या. तुम्ही आणि मी. आपणच चालू या."

बागेतल्या फेऱ्या आणि हळदीकुंकू

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जवळच्या बागेत वेग मोजायला गेलो. बागेतल्या गोल वाटेची लांबी फोनवर मोजली आणि दोघींनी रोजच्या चालीने फेऱ्या मारल्या. माझा वेग ताशी पाच किलोमीटर निघाला, बाईंचा तीन. त्यांचा उजवा गुडघा गेलेला आहे. त्या साडीवर खेळाचे बूट घालतात आणि चालताना एका बाजूला थोड्या झुकतात. दोन फेऱ्यांनंतर बाकावर बसून त्या गुडघा चोळत राहिल्या. "हा अचल," गुडघ्यावर थाप मारून म्हणाल्या, "बाकी सगळे चल." गणिताच्या माणसांचे विनोद असेच असतात, हसून घ्यायचं.

संध्याकाळी घरी हळदीकुंकू होतं. कोपरीत आमच्या मजल्यावरच्या बायका आल्या की आधी चपलांच्या ढिगावरून गप्पा सुरू होतात, इथे बायका सोफ्यावर ओळीने बसल्या आणि वाण बघून मग बोलत्या झाल्या. वाण म्हणून बाईंनी स्टीलच्या डब्या आणल्या होत्या. मी आत तिळगूळ भरत होते. शेजारच्या एका बाईंनी मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं.

"तुम्ही प्राचीच्या आई ना? राहायला आलात वाटतं मुलीकडे?"

'मुलीकडे' हा शब्द त्यांनी असा काही ओढला की माझ्या हातातली वाटी खाली आली. तेवढ्यात बाहेरून सुलभाताईंचा वर्गात चालेल असा आवाज आला, "मुलीकडे नाही आल्या त्या, माझ्याकडे आल्यात."

शेजारीण तिळगूळ घेऊन गेली. मी आतच उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं आणि हात तिळाने चिकट, पुसता येईना. दोन वर्षांत त्यांनी मला आपलं म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

बायका गेल्यावर बाईंनी उदाहरण घातलं. डोंबिवलीच्या फडके रोडवरून मी निघायचं, ठाकुर्लीवरून नव्वद फुटी रस्त्याने कल्याणकडे यायचं. बाईंनी कल्याणच्या पत्री पुलावरून निघून समोरून यायचं. मधलं अंतर फोनवर मोजलं, चार किलोमीटर. दोघींनी बरोबर साडेसातला निघायचं. कधी आणि कुठे भेटू?

आता त्यात मोहन नव्हता. मीच होते. मला रस्ता दिसायला लागला. माझी वेळ t, त्यांचीही t. मी चालले पाच t, त्या चालल्या तीन t, दोन्ही मिळून चार. आठ t बरोबर चार. t अर्धा. अर्धा तास! आठ वाजता भेटणार. मी अडीच किलोमीटर चाललेली असेन, त्या दीड. अडीच किलोमीटरवर नव्वद फुटीला एक बंद पडलेलं आइस्क्रीमचं दुकान येतं, तिथे.

"हे माझं मला आलं?" मी विचारलं.

"मी तुम्हाला दोनदा हटकलं," बाई म्हणाल्या. "म्हणजे अर्धं तुमचं. अजून एकटीने सोडवायचं बाकी आहे."

मग नियम सांगितले. साडेसात झाल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, वेग बदलायचा नाही, वाटेत थांबायचं नाही, आणि भेटल्यावर दोघींनी आधी घड्याळ बघायचं, मग बोलायचं. मी मान डोलावली. पण अंथरुणावर पडल्यावर माझ्या डोक्यात त्यांचा तो दीड किलोमीटर घोळत राहिला. मुलाची आई, तिला दुखऱ्या गुडघ्याने सामोरी चालायला लावायचं आणि आपण ठणठणीत असून घड्याळ बघत उभं राहायचं? असं कुठे असतं? आमच्यात विहीण येणार म्हटलं की वेशीपर्यंत जातात. मी हिशेब केला. ताशी पाच म्हणजे बारा मिनिटांत एक किलोमीटर. बारा मिनिटं आधी निघाले की एक किलोमीटर माझ्या खाती आधीच जमा. त्यातलं थोडं तरी त्यांना कमी. कुणाला कळणार आहे?

फडके रोड ते ठाकुर्ली

तिसऱ्या दिवशी मी अंधारातच घराबाहेर पडले, कारण मला डोंबिवलीला पोचायचं होतं. बाई शाल गुंडाळून चहा पीत बसल्या होत्या. "सावकाश जा. माझी अजून आंघोळ व्हायचीय," म्हणाल्या. मी मनात म्हटलं, बरं आहे, तुम्ही निवांत असा.

डोंबिवलीचा फडके रोड सकाळी बघण्यासारखा असतो. दुकानांची शटरं खाली, आणि त्यांच्या पायऱ्यांवर फुलवाल्यांनी झेंडूचे ढीग लावलेले. कानटोप्या घातलेले आजोबा घोळक्याने उभे राहून राजकारण करत होते. मी नेमलेल्या जागी उभी राहिले. सात अठरा झाले. देवाचं नाव घेतलं आणि निघाले.

वाटेत एका फुलवालीने मोगऱ्याचा गजरा पुढे केला. "मावशी, घ्या ना, बोहनी करा!" थांबायचं नाही हा नियम होता, आणि एक नियम आधीच मोडून बसले होते, निदान दुसरा तरी पाळावा. चालता चालता हातानेच नको म्हटलं. "काय माणसं, तोंडाने बोलत पण नाहीत," ती मागून म्हणाली. मला फार लागलं ते. परत येताना घेईन असं ओरडून सांगितलं, तर दोन आजोबा वळून बघू लागले.

ठाकुर्लीकडे इमारती जरा विरळ होतात, रुळांच्या बाजूने गार वारा येतो. डोंबिवलीतून इथे आलं की आपण सुट्टीला आल्यासारखं वाटतं. मी एकाच चालीने, मनात आकडे मोजत चालले होते. ठाकुर्ली स्टेशन दिसायला लागलं. म्हणजे दीड किलोमीटर झालं. बाई अजून पत्री पुलाच्या आसपास असतील, असा विचार करते आहे, तर समोरून खेळाचे बूट आणि तपकिरी शाल. एका बाजूला झुकत येणारी चाल. मला वाटलं भास होतोय.

त्याही मला बघून जागीच थांबल्या. मग दोघींनी, नियमाप्रमाणे, आधी घड्याळ बघितलं. सात छत्तीस.

"तुम्ही इथे कशा?" दोघी एकदमच म्हणालो.

बाईंचा चेहरा घामाने डबडबला होता. मी त्यांना धरून टपरीच्या बाकड्यावर बसवलं आणि दोन चहा सांगितले. त्यांनी श्वास घेतला, शाल सारखी केली आणि वर्गात पकडलेल्या पोरासारखं म्हणाल्या, "मी साडेसातलाच निघाले. आज पाय जरा बरा चालला."

टपरीवाल्याकडून कांदेपोह्यांखालचा एक कोरा कागद मागून घेतला. पर्समध्ये पेन्सिल होतीच. आणि मी मांडायला लागले. मला कुणी सांगितलं नाही, हटकलं नाही. एकूण चार. इथून फडके रोड दीड. म्हणजे बाई चालल्या अडीच. साडेसात ते सात छत्तीस, सहा मिनिटं, तासाचा दहावा भाग. अंतर भागिले वेळ.

"ताई," मी म्हटलं, "तुमचा वेग ताशी पंचवीस किलोमीटर आला."

बाई चहात बघत होत्या.

"स्कूटरचा असतो तेवढा. या गुडघ्याने?"

"उत्तर अशक्य आलं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तर काय करायचं असतं?"

"गृहीत धरलेलं तपासायचं."

"मग तपासा."

वेग तीनच. तो काल आम्ही दोघींनी मोजला होता. मग वेळच चुकीची. वेळ x मानली. तीन x बरोबर अडीच. x बरोबर पाच सहांश तास. पन्नास मिनिटं. सात छत्तीसमधून पन्नास मिनिटं गेली. सहा सेहेचाळीस.

मी तो आकडा लिहिला आणि पेन्सिल खाली ठेवली. सहा सेहेचाळीसला उजाडलंही नव्हतं. मी घराबाहेर पडल्या पडल्या बाईंनी चहाचा कप ठेवून रिक्षा केली होती, अंधारात पत्री पुलावर उतरल्या होत्या आणि त्या पायाने पन्नास मिनिटं न थांबता चालल्या होत्या. माझ्या वाट्याला अडीच होते आणि त्यांच्या वाट्याला दीड. त्यांनी ते उलटेच केले.

"का हो?" मी विचारलं.

त्यांनी कागद ओढून घेतला, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत तपासला. "मांडणी बरोबर. एकक लिहिलंत. उत्तर बरोबर. कुणाची मदत?"

"कुणाची नाही."

"मग आता दुसरं. तुम्ही दीड किलोमीटर ताशी पाचने चाललात. किती मिनिटं झाली?"

मी मान खाली घातली. "अठरा."

"सहा हवी होती ना?" आणि त्या हसायला लागल्या. मीही हसायला लागले. बाकड्यावर बसलेला एक रिक्षावाला सरकून बसला. दोन बायका पोह्यांच्या कागदावरून एवढं काय हसतात, त्याला कळेना. आम्हाला हसू थांबवता येईना. मग हसता हसता सुलभाताईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसण्याचं नव्हतं.

"त्या दिवशी सीमान्तपूजनाला," त्या म्हणाल्या, "तुम्ही वाकलात ना, तेव्हा मी पाय मागे घेतला. तेवढीच हिंमत झाली माझी. तोंडाने नको म्हणायला हवं होतं. वर्गात साठ मुलांना गप्प करणारी बाई मी, एका जाऊबाईंपुढे गप्प बसले. तुमची साडी भिजली होती. मोरपंखी. मला ती अजून दिसते. म्हटलं, एकदा तरी आपण त्यांच्यापर्यंत चालत जायचं. निम्म्याहून जास्त वाट आपण चालायची."

दोन वर्षं मला वाटत होतं की त्यांना पाण्याचा स्पर्श नकोसा झाला म्हणून पाय मागे गेला. मी त्यांचा हात धरून बसले. चहा गार झाला, तो तसाच प्यायलो. मग रिक्षाने फडके रोडवर गेलो आणि त्या फुलवालीकडून दोन गजरे घेतले. तिने मला ओळखलं. "आता बोलायला लागलात होय," म्हणाली.

दुपारपर्यंत बाईंचा गुडघा टम्म सुजला. प्राची आम्हा दोघींवर एकदमच चिडली. 'अगं आई' आणि 'अहो आई' दोघींना तिने एकाच सुरात झापलं. मी बादलीत गरम पाणी घेतलं, मीठ टाकलं आणि त्यांच्यासमोर खाली बसून त्यांचे पाय त्यात सोडले. हाताने पाणी गुडघ्यावर घालत राहिले. प्राची दारात आली आणि तिचा चेहराच उतरला.

"आई, तू काय करतेयस? पुन्हा पाय...?"

"तू जा गं," सुलभाताई म्हणाल्या. "या वेळी कुणी सांगितलेलं नाही." आणि मला म्हणाल्या, "हात चालू द्या, तोंडी एक घालते. एक बस सकाळी सहाला निघाली..."

मी पाणी घालत घालत ते उदाहरण सोडवलं. बस का निघाली, हे विचारायचं मला आठवलंसुद्धा नाही.

कोपरी

परत येऊन आठवडा झाला. खोबऱ्याचं वाटण पुन्हा जिभेला लागलं, तरी सकाळी शेंगदाण्याची चटणी लागते, ती त्यांनी डबा भरून दिली आहे. ह्यांनी विचारलं, "मग, बघितलंस काय विठ्ठलवाडीत?" मी म्हटलं, ठाकुर्ली.

पेपरला मी बसणार आहे. पास होईन की नाही, ते बघू. पण उदाहरणात दोन माणसं समोरासमोरून निघाली की आता मी घाबरत नाही. कुठेतरी भेटतात ती. आणि उत्तर विचित्र आलं तर आधी माणूस तपासायचा नाही, गृहीत धरलेलं तपासायचं, एवढं मला कळलंय.

गणिताच्या पेपरला सुलभाताई मला परीक्षेच्या शाळेपर्यंत सोडायला येणार आहेत. मी म्हटलं, कशाला दगदग करता, गुडघा अजून पुरता बरा नाही. त्या ऐकत नाहीत. काल फोनवर म्हणाल्या, "बरोबर नऊला येते. तुम्ही घरीच थांबा, स्टेशनवर यायचं नाही, कळलं?"

मी हो म्हटलं. आठलाच जाऊन स्टेशनच्या पुलाखाली उभी राहणार आहे.